तिरुमला पायी: अलिपिरीच्या पहिल्या पायरीपासून लाडवाच्या खिडकीपर्यंत

पहिल्यांदा तिरुमलाला, म्हणजे तिरुपती शहराच्या वरच्या डोंगरावर बालाजीला, गेलो तेव्हा अकरा तास रांगेत काढले. शेवटी गाभाऱ्यासमोर पोचलो, सवयीनं हात जोडले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा कुणीतरी खांद्याला धरून मला पुढं सरकवलेलं होतं आणि समोर एका काकांची मुंडण केलेली पाठमोरी टाळू होती. कानावर एकच शब्द पडत होता, 'जरगंडी, जरगंडी'. तेलुगूत त्याचा अर्थ 'सरका, सरका'. घरी आल्यावर आईनं विचारलं, बालाजी कसा दिसला रे? मी म्हटलं, छान. खरं तर मी त्याला पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा पायी चढून. त्या चुकांतून जे शिकलो ते क्रमानं लिहितो आहे. देवासमोर तुम्हाला जेमतेम काही सेकंद मिळणार, हे आधीच धरून चाला. बाकीचे दीड-दोन दिवस म्हणजे चढणं, थांबणं, जेवणं आणि पुन्हा थांबणं. तयारी करायची ती याची.

कधी जायचं

आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणून दिवाळीनंतर हवा छान असेल असं आपण गृहीत धरतो. तिरुपतीला मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. नोव्हेंबरात तिथं धो-धो कोसळतो, पायऱ्या निसरड्या होतात आणि घाटात दरडीही पडतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळा जाळतो, त्यात शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ मला सगळ्यात सोसवला.

शनिवार-रविवार टाळा. शनिवार हा बालाजीचाच वार. तमिळ पुरट्टासी महिन्यात, म्हणजे साधारण मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर, शनिवारी तमिळनाडू अक्षरशः डोंगरावर लोटतो. ब्रह्मोत्सव, वैकुंठ एकादशीपासूनचे द्वारदर्शनाचे दिवस आणि एक जानेवारी हे हौसेनं गर्दीत घुसणाऱ्यांसाठी. मंगळवार ते गुरुवार त्यातल्या त्यात बरे. गुरुवारचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्या दिवशी मूर्तीवरचे बहुतेक दागिने उतरवतात आणि कपाळावरचं पांढरं नाम, म्हणजे गंध, बारीक करतात. एरवी ते इतकं रुंद असतं की डोळे झाकले जातात. म्हणून गुरुवारच्या दर्शनाला नेत्रदर्शन म्हणतात.

दर्शनाचा प्रकार आधी ठरवा, तिकीट मग

तीन मुख्य वाटा आहेत. पहिली, 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन. याचा महिन्याभराचा कोटा देवस्थान सुमारे तीन महिने आधी ऑनलाइन खुला करतं आणि चांगल्या तारखा बघता बघता संपतात. आधार क्रमांक, नाव, वय हे सगळं कागदावर लिहून समोर ठेवूनच बसा. बारा वर्षांखालच्या मुलांना हे तिकीट लागत नाही. दुसरी वाट वेळ दिलेल्या मोफत टोकनची, ज्याला तिथं एसएसडी म्हणतात. ही टोकनं तिरुपती शहरात त्याच दिवशी मिळतात, त्यासाठी माणूस आणि आधार कार्ड दोन्ही खिडकीवर हजर हवेत. तिसरी, कुठलंच टोकन नसलेलं सर्वदर्शन. थेट वर जायचं आणि रांगेत बसायचं. गर्दीच्या दिवशी यात वीस तासही जातात.

पायी चढणाऱ्यांना टोकन देण्याची पद्धत, जागा आणि संख्या अनेकदा बदलली आहे. त्यामुळं निघण्याच्या आठवड्यात देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा. 'अधिकृत' हा शब्द मुद्दाम लिहिला. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं बरीच आहेत. पासष्ट वर्षांवरच्यांना आणि अपंगांना वेगळा कोटा आहे, तान्ह्या बाळाच्या आई-वडिलांनाही वेगळा प्रवेश मिळतो. घरात असं कुणी असेल तर आधी हे पाहा, त्यांना सर्वदर्शनाच्या रांगेत घालू नका.

आणि स्टेशनबाहेर 'सर, व्हीआयपी दर्शन, दोन तासांत' म्हणणारा भेटेलच. मी एकदा त्याच्याशी पाच मिनिटं बोललो. त्यानं शेवटी मला दाखवला तो दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या तिकिटाचा फोटो. प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र तपासतात, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बोलणं आपोआप थांबतं.

पोचणं आणि खोली

कोल्हापूर, मिरज, बेळगावकडच्यांना हरिप्रिया एक्सप्रेस थेट तिरुपतीला नेते. शिर्डीहून साप्ताहिक गाडी आहे. मुंबई-पुणे-सोलापूर मार्गानं चेन्नईला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या रेणिगुंट्याला थांबतात. तिथून तिरुपती साधारण दहा किलोमीटर, बस आणि रिक्षा भरपूर.

खोली वर तिरुमलात घ्यायची की खाली तिरुपतीत? माझं मत, पहिली रात्र खाली आणि दुसरी वर. वरच्या देवस्थानच्या खोल्या स्वस्त असतात, अगदी पन्नास-शंभर रुपयांपासून. पण एकट्या माणसाला सहसा देत नाहीत. खोली नाही मिळाली तरी अडत नाही. यात्रेकरूंसाठीच्या मोठ्या इमारतींमध्ये मोफत लॉकर, आंघोळीची सोय आणि झोपायला हॉल आहेत. एक चादर आणि लॉकरसाठी स्वतःचं कुलूप जवळ ठेवा.

पिशवीत काय, अंगावर काय

पुरुषांनी धोतर किंवा लुंगी-उपरणं, नाहीतर कुर्ता-पायजमा. बायकांनी साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. विशेष प्रवेश दर्शनाला जीन्स-टीशर्टवाल्याला दारातून परत पाठवतात, मग शेजारच्या दुकानात घाईघाईनं घेतलेलं धोतर सांभाळत दिवस काढावा लागतो. चढताना साधे सुती कपडे घाला, दर्शनाचे पिशवीत ठेवा.

मराठी बायकांसाठी एक गोष्ट: गजरा माळून जाऊ नका. तिरुमलावरची सगळी फुलं देवाची अशी तिथली समजूत आहे, डोंगरावर कुणी केसांत फूल माळत नाही. माझ्या मावशीला एका अनोळखी आजीबाईंनी खुणेनंच हे समजावलं आणि तिनं मुकाट्यानं अबोलीचा वळेसर काढून पिशवीत ठेवला.

प्लास्टिकच्या बाटल्यांना वर बंदी आहे. स्टीलची किंवा तांब्याची बाटली न्या, पाण्याचे नळ जागोजागी आहेत. दारू, सिगारेट, तंबाखू, मांसाहार काहीच चालत नाही. डोंगराच्या पायथ्याला, अलिपिरीला, सामान यंत्रातून तपासून सोडतात. खिशात गायछापची पुडी राहिली असेल तर ती खालीच टाका.

दोन पायवाटा

अलिपिरीची वाट लांब, 3550 पायऱ्यांची. श्रीवारी मेट्टूची वाट श्रीनिवास मंगापुरमच्या बाजूनं, तिरुपतीपासून पंधरा-एक किलोमीटरवर. ती जवळपास दोन किलोमीटरची आणि 2388 पायऱ्यांची. मेट्टू म्हणजे पायरी. श्रीवारी मेट्टू दीड-दोन तासांत संपते पण सलग चढ आहे. अलिपिरीला तीन ते पाच तास लागतात. मधे मोठा सपाट भाग मिळतो, दुकानं आहेत, डोक्यावर बहुतेक ठिकाणी छप्पर आहे. घाईत असाल किंवा पाय तयार असतील तर श्रीवारी मेट्टू. पहिल्यांदाच जात असाल तर अलिपिरी. ज्यांना अधूनमधून सिंहगड पायी चढायची सवय आहे त्यांना दोन्ही जमतील. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या माणसानं भावनेच्या भरात पायरीला हात लावू नये. घाटरस्त्यानं बस सतत सुटतात आणि तासाभरात वर नेऊन सोडतात. चढायला एक रस्ता, उतरायला दुसरा, त्यामुळं समोरून गाडी येण्याची भीती नाही.

पायवाट हा शेषाचलमच्या जंगलातून जाणारा रस्ता आहे, हे विसरू नका. ऑगस्ट 2023 मध्ये अलिपिरीच्या वाटेवर बिबट्याच्या हल्ल्यात एक लहान मुलगी गेली. त्यानंतर रात्रीची वाट बंद ठेवणं आणि दुपारनंतर लहान मुलांना न सोडणं असे निर्बंध आले. मुलं बरोबर असतील तर पहाटेच निघा, त्यांना पुढं पळू देऊ नका, आणि घोळक्यानंच चला.

चढताना

पहाटे साडेचारला अलिपिरीला पोचा. मोठं सामान तिथल्या देवस्थानच्या केंद्रावर द्या, ते मोफत वर पोचवतात. पावती मात्र जिवापाड जपा. चपला त्या पिशवीतच टाका. वाट अनवाणी चढायची, फरशी पहाटे गार असते. उन्हात तापते, हेही लवकर निघण्याचं एक कारण.

पायथ्याला पादाल मंडपम आहे. तिथं देवाच्या पादुका डोक्यावर घेऊन लोक प्रदक्षिणा घालतात. जवळच दगडात कोरलेला, जमिनीला पोट लावून दंडवत घातलेला एक भक्त आहे. मग पहिलं गोपुर आणि पायऱ्या सुरू.

माझ्यापुढं गेल्या वेळी एक बाई होती. पंचेचाळिशीची असेल. डाव्या हातात स्टीलची वाटी, तिच्यात ओली हळद. प्रत्येक पायरीवर वाकायची, तीन बोटांनी हळदीचा पट्टा ओढायची, त्यावर कुंकवाचा ठिपका आणि मग कापराची एक वडी. मागून तिचा मुलगा कापूर पेटवत यायचा. पायऱ्यांच्या कडा अशा हजारो हातांनी पिवळ्या-लाल झाल्या आहेत. 3550 वेळा वाकायचं! मी शंभराव्या पायरीला धापा टाकत कठड्याला टेकलो होतो आणि ती माझ्याकडं बघून हसली. अशांना ओलांडताना बाजूनं जा, हळदीवर पाय देऊ नका. ती ओली असताना भलती घसरते.

सगळ्यात अवघड भाग पहिलाच, गालिगोपुरापर्यंतचा. इथवर दोन हजारांवर पायऱ्या झालेल्या असतात. तिरुपती शहरातून रात्री डोंगरावर जे उजळलेलं नाम दिसतं ते इथलंच. पाहिजे तर इथं अर्धा तास बसा. इडली, ताक, तिखट-मीठ लावलेली कैरी मिळते. पोटभर खाऊ नका, पुढची पायरी पोटात येते. मी दर पन्नास पायऱ्यांना दहा श्वास असा हिशोब ठेवतो. तरुण मंडळी पळत जातात आणि गालिगोपुराला आडवी पडलेली दिसतात.

इथून पुढं वाट बरीच सपाट. हरणांचं उद्यान, मग मारुतीची उंच मूर्ती, मग घाटरस्त्याच्या कडेनं चाल. पाय मोकळे होतात आणि आता झालंच, असं वाटायला लागतं. तेवढ्यात मोकाळ्ळ मेट्टू येते, म्हणजे गुडघ्यांच्या पायऱ्या. डोंगरच देवाचा, त्यावर पाय कसा ठेवायचा म्हणून रामानुजाचार्य इथं गुडघ्यांवर चढले, अशी परंपरा सांगतात. आजही काही जण तसे चढतात. उंच पायऱ्या आहेत, उरलेला दम इथं लागतो. त्या संपल्या की अचानक बसस्टँड, दुकानं, बागा असं एक स्वच्छ गाव समोर येतं. समुद्रसपाटीपासून तुम्ही साडेआठशे मीटरवर असता.

वर गेल्यावर लगेच रांगेत शिरू नका

सामान सोडवा, आंघोळ करा, तासभर पडा. मुंडण करायचं असेल तर कल्याणकट्ट्यावर जा. तिथं केस देणं मोफत आहे, नवं पातं मिळतं, स्त्रियांसाठी स्त्री न्हावीही असतात. नंतर टाळूला चंदन लावतात. उन्हात फिरायचं असेल तर ते धुऊ नका.

मग स्वामी पुष्करिणी. तिच्या काठावर वराहस्वामींचं देऊळ आहे. ही जागा मुळात वराहाची, वेंकटेशानं त्याच्याकडून मागून घेतली आणि बदल्यात पहिल्या दर्शनाचा मान त्याला दिला अशी कथा आहे. म्हणून आधी वराह, मग बालाजी. गर्दीत बहुतेक लोक हे विसरतात. तुम्ही विसरू नका, शिवाय इथं रांगही लहान असते.

मोबाइल देवळात नेता येत नाही. तो खोलीवर, लॉकरमध्ये किंवा ठेव केंद्रावर ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवून घ्या. आमची आई आणि मावशी लाडवाच्या खिडकीपाशी वेगळ्या झाल्या आणि दीड तास एकमेकींना शोधत, एकाच झाडाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या.

रांग

वैकुंठम रांग-संकुल म्हणजे मोठमोठ्या खोल्यांची साखळी. एका खोलीत काहीशे माणसं बसवतात, दार बंद. पुढची रिकामी झाली की दार उघडतं आणि सगळे 'गोविंदा, गोविंदा' ओरडत पळतात. पळू नका, पाच माणसं पुढं गेल्यानं तुमचा तास वाचत नाही. आत दूध, उप्पिट, सांबारभात असं काही ना काही मोफत येतं. स्वच्छतागृहं आहेत. औषधं, चष्मा, एक पातळ शाल आणि मुलांसाठी एखादं छोटं पुस्तक बरोबर हवं. 300 रुपयांच्या तिकिटालाही दोन-चार तास सहज जातात.

आत

महाद्वारातून आत गेल्यावर उजवीकडं पाहा. हात जोडून उभ्या असलेल्या तीन मूर्ती आहेत. मधला विजयनगरचा राजा कृष्णदेवराय, दोन्ही बाजूंना तिरुमलादेवी आणि चिन्नादेवी. पुढं ध्वजस्तंभ, मग वेंडी वाकिली म्हणजे चांदीचं दार आणि त्यानंतर बंगारू वाकिली, सोन्याचं दार. इथून गाभारा सरळ रेषेत येतो.

आता नीट वाचा. बंगारू वाकिलीच्या आधीच नजर समोर लावा. आत विजेचे दिवे नाहीत, तेलाच्या समया आहेत. बाहेरच्या झगमगाटातून आल्यावर डोळ्यांना अंधाराशी जुळायला क्षणभर लागतो. माणसांच्या डोक्यांवरून बघा. आधी किरीट दिसेल, खाली पांढरं नाम, मग फुलांच्या राशीत उरलेला काळा चेहरा. नमस्कार नंतर करा. हात जोडायचे तर जोडा, पण डोळे उघडे ठेवा. काय मागायचं ते रांगेत ठरवून ठेवा, इथं आठवत बसायला वेळ नाही. 'जरगंडी' ऐकू आलं की बाजूला वळा, पण मान मागं ठेवून दोन पावलं उलटी चालता येतात. ती दोन पावलं कुणी हिरावून घेत नाही.

बाहेर आलात की आनंद निलयम या सोनेरी शिखराकडं वर पाहा. तिथं चांदीच्या चौकटीत विमान वेंकटेश्वराची (विमान म्हणजे शिखर) छोटी मूर्ती आहे, बाणाची खूणही आहे. गाभाऱ्यात नीट दिसलं नाही त्यांनी इथं पाहिलं तरी पोचतं, असं जुनी माणसं सांगतात. आणि इथं कुणी ढकलत नाही. मग हुंडी. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मोठं भांडं, लोक त्यात नोटांसोबत अंगठ्याही टाकतात. देवस्थानच्या इतिहासात नागपूरकर रघूजी भोसल्यांची नोंद आहे, त्यांनी इथल्या पूजेची कायमची व्यवस्था लावून दिली आणि दागिने वाहिले.

लाडू, पान आणि परत

प्रत्येक दर्शनार्थ्याला एक लाडू मोफत मिळतो, जास्तीचे सध्या पन्नास रुपयांना एक. या लाडवाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बेसन, साखर, तूप, काजू, बेदाणे, वेलची आणि मधेच दाताखाली येणारी खडीसाखर. तूप पिशवीतून पाझरतं, म्हणून घरून डबा न्या. गरम लाडू लगेच झाकू नका, वाफेनं मऊ पडून बुरशी धरतात.

जेवायला तरिगोंडा वेंगमांबा अन्नप्रसाद केंद्रात जा. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, ताक, काहीतरी गोड. एका पंगतीत हजारभर माणसं आणि वाढप्यांची लगबग बघण्यासारखी. पैसे लागत नाहीत.

संध्याकाळी जीव असेल तर शिलातोरण बघा, दगडाची नैसर्गिक कमान. आकाशगंगा आणि पापविनाशम ही तीर्थं पुढच्या दिवशी सकाळी. उतरताना बस घ्या. 3550 पायऱ्या उतरण्यानं गुडघे चढण्यापेक्षा जास्त दुखतात, हे मी दोन दिवस जिने आडवे उतरून शिकलो.

खाली तिरुचानूरला पद्मावतीचं, म्हणजे बालाजीच्या पत्नीचं, देऊळ आहे, शहरापासून पाचेक किलोमीटर. तिचं दर्शन घेतल्याशिवाय लोक परतत नाहीत. आपल्याकडं त्यात एक भर पडते. भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून वैकुंठ सोडून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला आली, आणि तिला शोधत विष्णू या डोंगरावर येऊन थांबला. नवरात्रात तिरुपती देवस्थानकडून अंबाबाईला अजूनही शालू येतो. परतीची हरिप्रिया कोल्हापुरातच संपते. गाडीत सगळे लाडू फोडू नका, एक राखून ठेवा. स्टेशनवरून रिक्षानं देवळापर्यंत दहा मिनिटं लागतात.